जोडओळ

तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ए-फोर, आडवा, ऑफिसच्या लेझर प्रिंटरवर काढलेला. त्यावरच्या चार्टमध्ये २६ खांब उभे आहेत, सगळे एकाच राखाडी रंगाचे, आणि सगळ्यांच्या मधे सारखीच फट. माझ्या स्क्रीनवर त्यातले १३ केशरी होते, १३ निळे. पण काळ्या शाईच्या प्रिंटरला रंग कळत नाही, त्याला फक्त फिकं आणि गडद कळतं. मी निवडलेलं केशरी आणि निळं त्याच्या लेखी एकाच तोलाचं निघालं.

नागपुरात एका खत-बियाण्यांच्या कंपनीत मी रिपोर्टचं काम करते. नागपूर शहर सोडलं तर जिल्ह्याचे १३ तालुके उरतात आणि प्रत्येक ठिकाणी आमचा एक डेपो आहे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी एक पान काढते. प्रत्येक डेपोची गेल्या वर्षीची त्या महिन्यातली विक्री आणि यंदाची विक्री, शेजारी शेजारी. हे पान साहेबांच्या मीटिंगमध्ये जातं तसं डेपोवाल्यांकडेही जातं, म्हणून तालुक्यांची नावं मराठीत आणि वर्णक्रमाने. उमरेड, कळमेश्वर, काटोल, कामठी, कुही, नरखेड, नागपूर ग्रामीण, पारशिवनी, भिवापूर, मौदा, रामटेक, सावनेर, हिंगणा. या क्रमात कुहीच्या शेजारी नरखेड येतं. नकाशावर ही दोन गावं जिल्ह्याच्या दोन टोकांना आहेत. नरखेड वायव्येला, संत्र्याच्या पट्ट्यात. कुही आग्नेयेला, धानाच्या पट्ट्यात. माझ्या पानावर मात्र ती भिंतीला भिंत लावून राहतात.

जुलैतला सोमवार होता. प्रोजेक्टर बंद पडला होता म्हणून त्या दिवशी छापील कागद वाटले गेले. साहेब एकेका तालुक्यावरून बोट फिरवत होते. नरखेडवर बोट थांबलं. "हे काय? नरखेड निम्म्यावर आलं?"

मीटिंगमधूनच नरखेडला फोन लागला, स्पीकरवर. तिथला डेपो सांभाळणारे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. विक्री एवढी कशी घसरली, असं साहेबांनी विचारलं. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग काकाजी म्हणाले, "पाहतो साहेब. रजिस्टर काढून पाहतो."

मी तिथेच बसले होते. मला काहीच बोलता आलं नाही, कारण आकडे मला तोंडपाठ नसतात आणि कागदावर मलाही तेच दिसत होतं.

संध्याकाळी जागेवर येऊन मूळ तक्ता उघडला. नरखेड वाढलं होतं. डोंगराएवढं नाही, पण नीट डोळ्यात भरावं इतकं वाढलं होतं. साहेबांनी जी जोडी वाचली ती नरखेडची नव्हतीच. डावीकडचा उंच खांब कुहीचा यंदाचा होता आणि उजवीकडचा बुटका खांब नरखेडचा गेल्या वर्षीचा. खाली नावं तिरपी लिहिली होती, जागा पुरत नाही म्हणून एक्सेल ती आपोआप तिरपी करतं. तिरप्या नावाचं शेवटचं अक्षर जोडीच्या मध्याखाली येतं आणि बाकीचं नाव डावीकडे खाली उतरत जातं. म्हणजे 'नरखेड' हा शब्द पसरला होता नेमका कुहीच्या यंदाच्या आणि नरखेडच्या गेल्या वर्षीच्या खांबाखाली. रंग नाही, नाव सरकलेलं, आणि सगळ्या फटी सारख्या. कोणीही तीच जोडी वाचली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींना फोन केला.

"ताई, रात्री दोन वाजेपर्यंत बसलो," ते म्हणाले. "एकेक बिल पाह्यलं. गोदामात जाऊन बॅगा मोजल्या. मले तं वाढलेलं दिसून राह्यलं. पण छापून आलं म्हणजे आपलंच काही चुकलं असंन, असं वाटलं."

मी म्हटलं, "काकाजी, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या चार्टचं चुकलं." त्यांनी विचारलं, काय चुकलं. मी म्हटलं, रंग. तेव्हा मला तोच मुख्य दोष वाटला होता. साहेबांना मेल केली, त्यांनी काकाजींना फोन करून तसं सांगितलंही. पण स्वतःच्या डेपोत, स्वतःच्या हिशोबावर शंका घेऊन रात्री बॅगा मोजणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

रंग मी त्याच दिवशी बदलले. गेलं वर्ष फिकं, हे वर्ष गडद. प्रिंट काढून पाहिली. आता दोन प्रकारचे खांब आहेत एवढं कळत होतं, तरी पान डोळ्यांना त्रास देतच होतं. फिका-गडद, फिका-गडद, फिका-गडद. कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे डोळ्याला दर वेळी मोजूनच ठरवावं लागत होतं.

शनिवारी गावी गेले. बाबा काटोलजवळच्या आमच्या गावी असतात. संत्र्याची बाग आहे, बाकी वावरात कपाशी आणि सोयाबीन. दुपारी ओसरीत लॅपटॉप उघडून बसले होते. बाबा पाण्याचा गडवा घेऊन आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"हे कशाचे तास होय?"

आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. मी सांगितलं, हे तालुक्याचे खांब आहेत, दोन-दोन. एक गेल्या वर्षीचा, एक या वर्षीचा.

"मंग जोडओळ हाय म्हणशीन."

"हो, तसंच."

"जोडओळीत दोन तास जवळ घेतेत, मंग पट्टा सोडतेत. तू पट्टाच नाही सोडला. डवरा कोठून न्याचा?"

ज्यांनी शेत पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सोयाबीन साधारण ४५ सेंटीमीटरवर ओळीने पेरतात. पण काही जण पट्टा सोडून पेरतात, किंवा दोन ओळी जवळ घेऊन पुढच्या दोन ओळींच्या आधी रुंद जागा मोकळी ठेवतात. त्या मोकळ्या पट्ट्यातून डवरा, म्हणजे तण काढायचं औत, फिरतो, फवारणी करणारा माणूस चालतो, वारा खेळतो, ऊन आतपर्यंत पोचतं. पट्टा सोडला की एकरात ओळी कमी बसतात, हे खरं. तरीही बाबा सोडतात, कारण बांधावर उभं राहिलं की सगळं पीक ओळीने दिसतं आणि कुठे रोग आला ते लांबून कळतं, असं ते म्हणतात. बागेचंही तसंच. संत्र्याची झाडं जुन्या पद्धतीने १८ बाय १८ फुटांवर असतात, हल्ली ६ बाय ६ मीटर सांगतात. त्या हिशोबाने हेक्टरी २७७ झाडं बसतात. लहानपणी मला नेहमी वाटायचं की मधली जमीन फुकट जाते. झाडं मोठी झाली, फांद्या एकमेकींना टेकायला आल्या, तेव्हा कळलं की ती जागा पहिल्या दिवसापासून त्या फांद्यांसाठीच राखून ठेवलेली होती.

मी चार्टवरच्या एका खांबावर राइट क्लिक केलं, फॉरमॅट डेटा सिरीज उघडलं. गॅप विड्थ, म्हणजे दोन जोड्यांमधली जागा ठरवणारी सरकपट्टी, मला ठाऊक होती. ती मीच पूर्वी २५ टक्क्यांवर आणली होती, कारण खांबांच्या डोक्यावर चार आकडी संख्या छापायच्या होत्या आणि अरुंद खांबांवर त्या एकमेकींवर चढत होत्या. खांब रुंद केले, संख्या बसल्या, मी खूष झाले. आता ती पट्टी उजवीकडे सरकवायला लागले. पन्नास, साठ, ऐंशी.

"आणखी सोड," बाबा म्हणाले.

शंभरला आल्यावर ते म्हणाले, "हं. आता दिसून राह्यले तालुके. पण या दोघांच्या मधात काऊन जागा ठेवली? जोडी हाय ना थे?"

मी पाहिलं. एकाच तालुक्याच्या दोन खांबांमधेही एक बारीक फट होती, आणि ती मी कधी ठेवली नव्हती. गॅप विड्थच्या नेमकी वर आणखी एक पट्टी होती. सिरीज ओव्हरलॅप. त्यात लिहिलं होतं, उणे २७ टक्के. इतकी वर्षं ही पट्टी माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मी तिला एकदाही हात लावला नव्हता.

त्या रात्री वहीत हिशोब मांडला, तेव्हा सगळं उलगडलं. एक्सेलमध्ये ही दोन्ही अंतरं सेंटीमीटरमध्ये नसतात, खांबाच्या रुंदीच्या टक्क्यांत असतात. गॅप विड्थ म्हणजे एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंतची मोकळी जागा, ० ते ५०० टक्के. ओव्हरलॅप म्हणजे जोडीतल्या दोन खांबांचं एकमेकांशी नातं. शून्य असेल तर दोघे चिकटून उभे राहतात, अधिक असेल तर एक दुसऱ्यावर चढतो, उणे असेल तर मधे फट पडते, आणि हे उणे १०० पासून अधिक १०० पर्यंत जातं. २०१३ पासूनच्या एक्सेलमध्ये असा चार्ट नवा काढला की गॅप २१९ आणि ओव्हरलॅप उणे २७ असे आकडे आपोआप येतात. त्याआधी ते १५० आणि शून्य असत.

माझ्या पानावर चार्टची रुंदी साधारण २६ सेंटीमीटर आणि तालुके १३, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला दोन सेंटीमीटर. आपोआप येणाऱ्या आकड्यांनी खांब साडेचार मिलिमीटरचा होतो, जोडीतली फट सव्वा मिलिमीटरची, आणि दोन तालुक्यांमधली जागा जवळजवळ दहा मिलिमीटरची. खांब बारीक दिसतात, पण जोडी कोणाची याबद्दल संशय उरत नाही. मी फक्त गॅप २५ केली आणि ओव्हरलॅप तसाच राहू दिला. त्याने खांब आठ मिलिमीटरचे झाले, तालुक्यांमधली जागा दोन मिलिमीटरवर आली. आणि जोडीतली फट? टक्का तोच, उणे २७, पण खांबच रुंद झाल्याने ती वाढून दोन मिलिमीटरच्या किंचित वर गेली. म्हणजे माझ्या पानावर नरखेडचा गेल्या वर्षीचा खांब नरखेडच्याच यंदाच्या खांबापेक्षा कुहीच्या खांबाला केसभर जवळ उभा होता. साहेबांचा डोळा चुकला नाही. डोळ्याने जवळची जोडी धरली, आणि जवळची जोडी तीच होती.

ही गोष्ट माणसाच्या नजरेतच आहे. माक्स व्हर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली जर्मनीत कागदावर नुसते ठिपके काढून ती दाखवली. सारख्या अंतरावरचे ठिपके एक रांग वाटतात. दोन-दोन जवळ आणले की काही न सांगता जोड्या दिसायला लागतात, आणि पाहणाऱ्याने ठरवलं तरी त्या जोड्या मोडून दुसऱ्या लावणं फार जड जातं. वर्धा रोडवर मेट्रोच्या खालून जाताना मी आता हटकून पाहते. सारख्या अंतरावरचे ते खांब डोळा कधीच जोडीने वाचत नाही, तो नुसता पुढे पुढे जात राहतो. माझ्या चार्टवरून साहेबांचं बोटही तसंच पुढे जात होतं आणि जिथे थांबलं तिथे त्याने हाताला लागलेले दोन खांब धरले.

आणि खरं तर हे मला शाळेत शिकवलं होतं. सातवी-आठवीत आलेख कागदावर जोडस्तंभालेख काढायचो. आमचे गणिताचे सर फळ्यावर लिहायचे: खांबांची रुंदी सारखी, जोडीतले दोन खांब चिकटून, दोन जोड्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. मी एकदा वही सजवायच्या नादात जोडीतही एक घर सोडलं होतं. सरांनी त्यावर लाल पेनाने दोन खांब जोडणारी एक आडवी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं, 'हे भाऊ आहेत, वेगळे का केले?' त्या वयात मला वाटलं, सर उगाच नियमावर बोट ठेवतात. जोडस्तंभालेख हा शब्द किती नेमका आहे हे मला चाळिशीला आल्यावर कळतंय. सॉफ्टवेअरमधला 'क्लस्टर्ड' हा शब्द नुसता झुबका सांगतो. आपल्या पुस्तकातला शब्द सरळ सांगतो की हे जोडलेले आहेत. सर पुढे आयतालेख शिकवताना आणखी एक गोष्ट सांगत, की तिथे कुठेच जागा सोडायची नाही, कारण ० ते १० नंतर लगेच १० ते २० सुरू होतं, मधे काही नसतं. जिथे जागा नाही तिथे सलगपणा, जिथे आहे तिथे वेगळेपणा. तालुके वेगळे, म्हणून जागा. वर्षं दोन पण तालुका एकच, म्हणून जागा नाही.

हे कोडं किती जुनं आहे, ते नंतर वाचताना कळलं. छापील स्तंभालेखांतला पहिला म्हणून ज्याचं नाव घेतात तो विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने १७८६ साली काढला. त्याला स्कॉटलंडच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे मिळाले नाहीत, १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंतचे एकाच वर्षाचे मिळाले. वर्षामागून वर्ष अशी रेघ ओढता येईना, म्हणून त्याने १७ ठिकाणांसाठी आडव्या पट्ट्या काढल्या, प्रत्येक ठिकाणाला दोन, एक आयातीची आणि एक निर्यातीची. म्हणजे पहिलाच स्तंभालेख जोडीचा होता! स्वतः प्लेफेअरला तो फारसा पसंत नव्हता, काळ दाखवता येत नाही म्हणून त्याला तो उणा वाटे. मला मात्र त्यातली एक गोष्ट पाहून गहिवरून आलं. त्याने निर्यातीची पट्टी भरीव काळी ठेवली आणि आयातीची रेघारेघांची. शाई एकच, तरी कोण कोणता ते कळावं म्हणून. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी त्याने ज्या वाचणाऱ्याची काळजी केली तो माझ्या ऑफिसात छापील कागद हातात घेऊन बसला होता, आणि मी त्याला दोन सारखे राखाडी खांब दिले.

आता मी काय करते ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर होवो. दोन वर्षांची तुलना असेल तर ओव्हरलॅप शून्य आणि गॅप शंभरच्या आसपास. शंभर म्हणजे जोड्यांमधली जागा बरोबर एका खांबाएवढी. माझ्या पानावर खांब, खांब आणि मोकळी जागा असे तिन्ही पावणेसात मिलिमीटरच्या आतबाहेर येतात. खांबांवरच्या संख्या बसत नसतील तर संख्या हजारात लिहिते किंवा फक्त यंदाच्या खांबावर ठेवते. आकड्याला जागा करून देण्यासाठी पट्टा खायचा नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं आहे. गेल्या वर्षीला फिका राखाडी, यंदाला गडद तपकिरी, आणि दोघांना बारीक पांढरी कड. नावं तिरपी होऊ नयेत म्हणून 'नागपूर ग्रामीण' दोन ओळींत मोडते.

कधी कधी ओव्हरलॅप ३०-४० टक्केही ठेवते, यंदाचा खांब पुढे आणि गेल्या वर्षीचा त्याच्या मागून डोकावणारा. लक्ष्य आणि प्रत्यक्ष विक्री दाखवताना हे फार छान दिसतं. पण ओव्हरलॅप १०० करू नये, पुढचा खांब उंच असला की मागचा अख्खा गडप होतो आणि तो होता हेही कोणाला कळत नाही. दुसऱ्या अक्षावर, म्हणजे उजवीकडच्या वेगळ्या मापावर, एखादी सिरीज (एका रंगाचे सगळे खांब) टाकली तरी हेच होतं. तिची गॅप वेगळी चालते, दोन्ही गटांतले खांब एकमेकांवर येऊन उभे राहतात आणि ओव्हरलॅप कितीही हलवला तरी सुटत नाहीत.

एका प्रकाराने मला दोन दिवस छळलं होतं, तोही लिहून ठेवते. महिन्यांचा चार्ट होता. खांब केसासारखे बारीक येत होते, गॅप शून्यावर नेली तरी जाड होईनात. कारण खाली खऱ्या तारखा होत्या, आणि एक्सेलने त्या अक्षाला तारखांचा अक्ष मानलं होतं आणि अक्षाचं माप दिवसावर होतं. दर महिन्याच्या एक तारखेला एक दिवसाच्या रुंदीचा खांब, आणि पुढचे एकोणतीस-तीस दिवस मोकळं रान. ती मोकळी जागा म्हणजे न आलेले दिवस होते, त्यांच्यावर गॅपच्या पट्टीची सत्ता चालत नाही. अक्षाचं माप महिना केलं, किंवा अक्ष टेक्स्टचा केला, की खांब लगेच अंग धरतात. अशा वेळी पट्टी ओढत बसण्याआधी जागा कोणाची आहे हे विचारलं पाहिजे.

पुढे आमच्याकडे पॉवर बीआय हे रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर आलं. सुरुवातीच्या काळात तिथे तालुक्या-तालुक्यांमधलं अंतर इनर पॅडिंगने बदलता येई, पण जोडीतल्या खांबांमधलं काही हलवता येत नसे. तीन-तीन खांबांचे झुबके असले की एखाद्या वर्षाला थोडं बाजूला उभं करावंसं वाटायचं, म्हणून लोक मधे एक रिकामं मेजर (सूत्राने काढलेला आकडा) टाकायचे, ज्याची किंमत कायम कोरी. त्याला खांब नाही, पण खांबाची जागा मिळते. रिकामी ओळ पेरल्यासारखं. बियाणं नाही, तास मात्र सोडलेला. लेजेंडमध्ये, म्हणजे कोणता रंग कशाचा या यादीत, त्याचंही नाव उमटतं, ते लपवायला नावाच्या जागी नुसती स्पेस द्यायची. आता नव्या आवृत्त्यांमध्ये दोन कॅटेगरींमधली आणि दोन सिरीजमधली जागा वेगवेगळी देता येते. ते पाहून मला मनापासून आनंद झाला. ज्या कोणी ते मागितलं असेल त्यांनाही कधी ना कधी एखाद्या काकाजींना फोन करावा लागला असेल, असं माझ्या मनात आलं.

ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्याने मला विचारलं, "मॅडम, एवढं कशाला? माउस नेला की आकड्याची छोटी चौकट, टूलटिप, येते ना." येते. पण नरखेडच्या डेपोत भिंतीवर खिळ्याला टोचलेल्या कागदावर माउस नेता येत नाही. तिथे शेतकरी खत घ्यायला येतात, रांगेत उभे राहून तो कागद वाचतात, आपल्या तालुक्यावर बोट ठेवतात. त्यांना मी प्रत्यक्ष भेटत नाही. मी त्यांना काही सांगायचं तर त्या सहा-सात मिलिमीटरच्या पट्ट्यातूनच सांगू शकते.

ऑगस्टचं पान मी स्वतः छापलं. हातभर लांब धरून पाहिलं, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. चष्म्याशिवाय नावं दिसत नव्हती, पण १३ जोड्या मोजता आल्या. मग डेपोंना पाठवलं.

दोन दिवसांनी नरखेडहून फोन आला.

"ताई, कागद भेटला. आमचं बरोबर हाय." थोडं थांबून ते म्हणाले, "पण मले एक सांगा. ते आमच्या बाजूचं कुही काऊन एवढं घसरलं? यंदाचा खांब गेल्या सालापेक्षा पार खाली हाय. तिकडे पाणी नाही आलं का?"

मी पान समोर घेतलं. कुहीची जोडी, फिका उंच आणि त्याला चिकटून गडद बुटका. मग कुहीच्या डेपोला फोन केला. पाऊस उशिरा आला होता, बांध्यांत पाणी साचलं नव्हतं, पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते पण रोवणी अडली होती. युरियाच्या बॅगा गोदामातच पडून होत्या.

काकाजींना उलट फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग आमच्याकडे युरिया कमी पडून राह्यला ताई. तिकडचा थोडा इकडे वळवता येते का, साहेबांना विचारून पाहा ना."